रस्ता, झोपडी आणि पिंपळ

वर्ध्याहून सेवाग्राम सुमारे आठ किलोमीटर आहे. सहलीच्या निमित्ताने तुम्ही विद्यार्थ्यांना तेथे नेले असेल. आश्रमाच्या आवारात गांधीजींनी 1936 साली लावलेला पिंपळ आहे. कस्तुरबांनी लावलेला बकुळही आहे. शेजारी आदिनिवासाची मातीची झोपडी आहे. बांधकाम आणि झाड इतकी वर्षे शेजारी कसे नांदले?

याचे उत्तर झोपडीच्या बांधणीत सापडते. गांधीजी 30 एप्रिल 1936 रोजी तेव्हाच्या शेगावात आले. घराचा खर्च पाचशे रुपयांवर जाऊ नये आणि सामान आसपासच्या परिसरातलेच असावे, अशी त्यांची अट होती. माती, बांबू आणि कौले यांचे घर हलके असते. त्याला खोल पाया लागत नाही आणि बांधताना अवजड यंत्र जमिनीवरून फिरत नाही. ही अट साधेपणासाठी होती, झाडांसाठी नव्हती. पण तिचा फायदा मुळांनाही झाला.

आता दुसरे चित्र पाहा. 2020 साली वर्धा-सेवाग्राम रस्ता रुंद करण्यासाठी कडेची जुनी झाडे तोडली जाऊ लागली. ही झाडे गांधीजींच्या काळातली म्हणून ओळखली जात. नागरिकांनी विरोध केला आणि प्रश्न राज्यभर गाजला. कुऱ्हाड डोळ्यांना दिसते, म्हणून तिला विरोध करता येतो. पण न तोडलेली झाडेही बांधकामामुळे मरतात, ती कशी?

झाडाची मुळे खोडाइतकीच खोल जातात, असे आपण फळ्यावर काढतो. ते चित्र चुकीचे आहे. बहुतेक मुळे वरच्या मीटरभर मातीतच असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेर दूरवर पसरतात. मुळांना श्वसनासाठी ऑक्सिजन लागतो. तो मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून मिळतो. वर्ध्याची काळी माती ओली असताना तिच्यावरून रोलर किंवा भरलेला ट्रक गेला, की या पोकळ्या दबतात. मग मुळांना हवा मिळत नाही आणि पाणीही नीट मुरत नाही. खोडाभोवती मुरमाचा भराव टाकला किंवा गटारासाठी चर खणला, तरी हानी होतेच. साठवलेल्या अन्नावर झाड काही वर्षे तग धरते. मग शेंडा वाळतो. तोवर उद्घाटन होऊन गेलेले असते आणि दोष उन्हाळ्यावर जातो.

ब्रिटनमध्ये बांधकामाजवळच्या झाडांसाठी 1980 साली मानक 5837 निघाले. त्याच्या 2012 च्या आवृत्तीनुसार दीड मीटर उंचीवरच्या खोडाच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येचे वर्तुळ, जास्तीत जास्त पंधरा मीटरपर्यंत, राखायचे असते. काम सुरू होण्यापूर्वीच तेथे कुंपण घालायचे. आत खणायचे नाही, सिमेंट कालवायचे नाही, खडीही टाकायची नाही.

आपल्याकडे 1975 चा महाराष्ट्र वृक्ष संरक्षण कायदा आहे. 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडांना ‘वारसा वृक्ष’ हा दर्जा दिला. असे झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकी झाडे लावायची आहेत. पण हा कायदा नागरी भागांपुरता आहे. ग्रामपंचायतीच्या हद्दीतल्या रस्त्यांपर्यंत तो पोहोचत नाही. शिवाय तोडण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते, पण मुळे दाबून मारण्याची परवानगी कोणी मागतच नाही.

शाळेत नवी खोली बांधायची असेल, तर आधी एक प्रयोग करा. विद्यार्थ्यांना दोरीने जवळच्या झाडाच्या खोडाचा घेर मोजायला सांगा. त्याला 3.14 ने भागून बाराने गुणा. दोन मीटर घेराच्या कडुनिंबासाठी त्रिज्या सुमारे साडेसात मीटर येईल. तेवढे वर्तुळ चुन्याने आखा आणि मगच कंत्राटदाराला वाळू कुठे उतरवायची ते दाखवा. विटा येण्याआधी हे व्हायला हवे. नंतर आखलेले वर्तुळ झाडाच्या उपयोगाचे नसते.