राघोजींच्या घरची माणसं

अकोले तालुक्यातल्या देवगावचे महादेव कोळी राघोजी भांगरे सावकार आणि कंपनी सरकारविरुद्ध उठले आणि सह्याद्रीच्या घाटवाटांत शिरले. घर मात्र गावातच राहिलं.

पोलिसांनी मग घरच धरलं. झडतीत राघोजी सापडेनात, तेव्हा 'पोरगा कुठाय?' म्हणून त्यांच्या आईचा अनन्वित छळ झाला, असं या भागात आजही सांगतात. तिच्या हाती ना बंदूक, ना बंडाची सूत्रं; आई असणं एवढाच गुन्हा. डोंगरात लपलेल्याला खाली ओढायला घरच्या बाईला वेठीस धरायचं, हा डाव राज्यकर्त्यांनी जगभर खेळला आहे. इथे तो उलटला. राघोजींनी सावकारांची नाकं कापली, बंड पुणे-नाशिक भागांतही पसरलं.

२ जानेवारी १८४८ रोजी लेफ्टनंट गेल यांनी त्यांना पंढरपुरात पकडलं. २ मे रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली.

भंडारदऱ्याच्या जलाशयाला आज राघोजींचं नाव आहे, आणि ते योग्यच. पण बंडाचा इतिहास लिहिताना त्या आईला एका ओळीत उरकणं हा मोठा अन्याय आहे. बंडाची पहिली झळ तिनेच सोसली होती.