तपासणी सक्तीची, उपचार ऐच्छिक : डेप्टफर्डच्या बालशाळेची गोष्ट

जगाच्या मोठ्या भागावर इंग्लंडचं राज्य होतं, त्याच काळात त्या देशाच्या स्वतःच्या गिरणगावांतली मुलं कशी वाढत होती, हे आज आपण पाहणार आहोत.

ब्रॅडफर्ड हे लोकरीच्या गिरण्यांचं शहर. मार्गारेट मॅकमिलन १८९३ साली तिथे राहायला आल्या आणि पुढच्याच वर्षी शाळा मंडळावर निवडून आल्या. शाळांमध्ये त्यांना काय दिसलं? अकरा-बारा वर्षांची मुलं अर्धा दिवस गिरणीत राबायची आणि उरलेला अर्धा दिवस वर्गात पेंगायची. कित्येकांच्या पोटात अन्न नाही, अंगाला पाणी नाही. मग मॅकमिलनबाईंनी विचारलं की, अशा मुलापुढे पाटी ठेवून उपयोग काय? शाळांचे वैद्यकीय अधिकारी डॉ. जेम्स केर यांच्या साथीने त्यांनी मुलांची तपासणी सुरू करवली. शाळेत न्हाणीघरही आलं.

१९०२ च्या कायद्याने शाळा मंडळंच रद्द झाली. त्यांचं काम नगरपालिकांकडे गेलं, आणि तिथे तेव्हा बायकांना निवडणूक लढवता येत नव्हती. निवडून आलेली बाई एका कायद्याने बाहेर पडली! मग त्या लंडनला, बहीण रेचेल यांच्याकडे गेल्या आणि लढा तिथून चालू ठेवला.

आता दोन कायदे नीट बघा. १९०६ च्या कायद्याने गरजू मुलांना शाळेत जेवण देण्याची मुभा मिळाली. मुभा, बंधन नाही. १९०७ च्या कायद्याने वैद्यकीय तपासणी सक्तीची झाली, पण उपचार मात्र स्थानिक संस्थेच्या मर्जीवर राहिले. म्हणजे दात किडलाय हे कागदावर लिहिलंच पाहिजे. तो काढायचा की नाही, ते बघू!

ही फट बुजवायला दोघी बहिणींनी दवाखाना उघडला. साबणाचे कारखानदार जोसेफ फेल्स यांनी पैसा दिला. १९१० पासून हे काम लंडनमधल्या डेप्टफर्ड या गरीब वस्तीत चालू झालं. पण तिथे नवीच अडचण कळली. बरं झालेलं मूल त्याच कोंदट खोलीत परत जायचं आणि तोच आजार घेऊन पुन्हा दारात उभं राहायचं. औषध पुरेना, तेव्हा मुलाचा अख्खा दिवसच बदलायचं ठरलं.

१९१४ मध्ये डेप्टफर्डला खुल्या हवेतली बालशाळा निघाली. बागेच्या बाजूने उघड्या असलेल्या पडव्या, आंघोळ, पोटभर जेवण, दुपारची झोप, माती आणि झाडं. शाळेत जायच्या वयाआधीची मुलं तिथे दिवसभर असत. १९१७ मध्ये रेचेल गेल्या; शाळेला त्यांचं नाव मिळालं.

१९१८ च्या कायद्याने बालशाळा काढायला परवानगी दिली. पुन्हा परवानगीच! १९२३ मध्ये बालशाळांची संघटना उभी राहिली. तिच्या पहिल्या अध्यक्ष मार्गारेट होत्या. १९३१ मध्ये त्या वारल्या, तोवर अशा शाळा मोजक्याच होत्या.

या इतिहासातून आपण एक सवय लावून घेऊ या. मुलांच्या भल्याचा कायदा वाचताना आधी त्याचं क्रियापद बघायचं : ‘करता येईल’ आहे, की ‘केलंच पाहिजे’? डेप्टफर्डच्या मुलांचं जेवण आणि औषध त्या एका क्रियापदावर अडलं होतं.