रडार काटछेद

रडार काटछेद : वस्तूवर पडलेल्या रडार-तरंगांपैकी किती ऊर्जा रडारकडे परत फिरते, हे दाखवणारे काल्पनिक क्षेत्रफळ. एकक चौ. मी. वस्तूच्या आकारमानाशी त्याची गल्लत करू नये. तरंगलांबीपेक्षा बऱ्याच मोठ्या धातुगोलाचा काटछेद त्याच्या सावलीएवढाच भरतो. पण १ चौ. मी.चा सपाट पत्रा ३ सेंमी. तरंगलांबीच्या रडारसमोर अगदी काटकोनात धरला, तर त्याचा काटछेद सुमारे १४,००० चौ. मी. भरतो. पत्रा जरा कलला की आकडा कोसळतो.

मापन प्रतिध्वनिरहित कक्षात होते. भिंतींना कार्बनयुक्त फोमचे सुळके लावलेले असतात. वस्तू फिरत्या खांबावर ठेवून दर कोनाला परतावा नोंदवतात आणि तो ज्ञात गोलाच्या परताव्याशी ताडून पाहतात. खरी डोकेदुखी खांबाचीच. वस्तूपेक्षा तोच अधिक ‘चमकू’ शकतो.

गोलासाठी अचूक गणित गुस्टाव्ह मी यांनी १९०८ मध्ये मांडले. विमानासारख्या गुंतागुंतीच्या आकाराला ते लागू पडत नाही. कडांवरून होणाऱ्या विवर्तनाचे प्योत्र उफिम्त्सेव्ह यांचे सोव्हिएत पुस्तक (१९६२) लॉकहीड या विमान-कंपनीच्या अभियंत्यांना उपयोगी पडले; काटछेद घटवण्यासाठी घडवलेल्या त्यांच्या एफ-११७ विमानाचे पहिले उड्डाण १९८१ मध्ये झाले. काटछेद १६ पटींनी घटवला, तरी रडारचा पल्ला फक्त निम्मा होतो.