मालगुडी कुठे आहे?

१९८६-८७ च्या सुमारास दूरदर्शनवर ‘मालगुडी डेज’ लागत असे, तेव्हा आमच्या बेळगावच्या घरी प्रत्येक वेळी कोणीतरी म्हणायचेच, “हे गाव आपल्याकडचंच दिसतंय.” कौलारू घरे, ओसरीचे लाकडी खांब, चिखलाचा रस्ता. मालिका हिंदी होती, मूळ कथा इंग्रजी आणि लेखक तमिळ घरातला. तरी गाव ओळखीचे वाटे. ते वाटणे अगदीच चूक नव्हते. चित्रीकरण झाले होते शिवमोगा जिल्ह्यातल्या आगुंबे गावी.

आर. के. नारायण यांनी मालगुडी वसवले १९३० साली. आजीने काढून दिलेल्या मुहूर्तावर वही उघडली आणि पहिल्याच वाक्यात एका स्टेशनात गाडी आणून उभी केली. स्टेशनाला नाव हवे म्हणून ‘मालगुडी’ सुचले. नकाशावर नसलेले हे गाव पुढे पन्नास-साठ वर्षे त्यांच्या कथा-कादंबऱ्यांना पुरले. त्यांच्या विनोदात शाब्दिक कोट्या फारशा नाहीत. लहान गाव, लहान माणसे आणि त्या माणसांच्या आपापल्या दृष्टीने फार मोठ्या असलेल्या अडचणी, यांच्या प्रमाणात तो विनोद आहे. हे प्रमाण बिघडले की विनोद गेला. मालिकेबद्दल नारायण काय म्हणाले ते समजायला हे ध्यानात ठेवावे लागते, आणि त्याआधीचा ‘गाइड’चा अनुभवही.

‘द गाइड’ ही कादंबरी १९५८ ची. तिला १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुढे देव आनंद यांनी तिच्यावर दोन चित्रपट काढले : हिंदी विजय आनंद यांच्या दिग्दर्शनाखाली, आणि इंग्रजी टॅड डॅनिएलेव्स्की यांचा, ज्याच्या पटकथेत पर्ल बक यांचा हात होता. मंडळी म्हैसूरला आली. नारायणांनी हौसेने त्यांना नदीकाठ, देवळे, गल्ल्या दाखवल्या; आपले पात्र कुठे बसते, कुठे चालते ते सांगितले. सगळ्यांनी वाहवा केली आणि चित्रीकरणाला गेले ते राजस्थानात! रंगीत, रुंद पडद्याला भव्य देखावे लागतात, असे कारण निघाले. मालगुडी दक्षिणेत आहे हो, असे लेखक सांगू लागले, तर उत्तर मिळाले की आम्ही ठेवू तिथे मालगुडी. इंग्रजी चित्रपटात तर हरणावरून झुंजणारे दोन वाघही आले. कादंबरीच्या शेवटी पाऊस खरोखर आला की नाही हे नारायणांनी वाचकावर सोडले होते. हिंदी पडद्यावर तो धो धो कोसळला.

या सगळ्यावर त्यांनी ‘मिसगायडेड गाइड’ हा लेख लिहिला. त्यात आरडाओरडा नाही. फजिती झालेला माणूस दुसऱ्याची फजिती सांगावी तशी हसत सांगतो आहे. पण मालगुडीच काढून टाकल्याचे दुःख त्या हसण्याखाली लपत नाही. गंमत पाहा : उत्कृष्ट कथेचे फिल्मफेअर पारितोषिक ‘गाइड’साठी नारायणांनाच मिळाले. हिंदी ‘गाइड’ आपल्यापैकी अनेकांचा लाडका आहे, माझाही आहे. पण तो मालगुडीचा नाही, हे लेखकाचे म्हणणे मला पटते.

एवढे पोळलेला लेखक मालिकेला पुन्हा हो म्हणाला. दिग्दर्शक शंकर नाग तेव्हा जेमतेम तिशी ओलांडलेले, निर्माते टी. एस. नरसिंहन. शंकर आणि अनंत हे नाग बंधू कोकणी घरातले, मुंबईत मराठी रंगभूमीवर वावरलेले. स्वामीच्या वडिलांच्या भूमिकेत गिरीश कार्नाड होते, आपल्या ‘उंबरठा’मधले. चित्रे आर. के. लक्ष्मण यांची, म्हणजे नारायणांचे धाकटे भाऊ, आणि मुंबईच्या वर्तमानपत्रातून मराठी घरांना रोज सकाळी भेटणारे.

मालिका पाहून नारायण खूश झाले, कथानक मूळ पुस्तकांबरहुकूम ठेवल्याबद्दल त्यांनी निर्मात्यांना शाबासकी दिली. वास्तविक आगुंबेही मालगुडी नव्हे. दक्षिणेची चेरापुंजी म्हणतात ते गाव, आणि ‘गाइड’चा सारा पेच दुष्काळाचा! भाषाही बदललेली होती. सीमाभागात राहणाऱ्या आपल्याला भाषेचे महत्त्व कोणी सांगायला नको, पण या लेखकाने तिच्यावरून तक्रार केली नाही. मला वाटते, गावाचे माप चुकले नाही म्हणून त्यांचे समाधान झाले. छोट्या पडद्याला राजवाडे परवडणारे नव्हते. अर्ध्या तासात एक लहान गोष्ट मावत होती. शाळेच्या वाटेवरचा स्वामी स्वामीएवढाच राहिला.

हे भाग्य आपल्या चि. वि. जोशींच्या वाट्याला आले नाही. बडोद्याला बसून त्यांनी चिमणराव लिहिला. त्यांचे निधन १९६३ चे, आणि मुंबई दूरदर्शन सुरू झाले १९७२ साली. प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ पाहून ते काय म्हणाले असते, याची कल्पनाच करायची.

शंकर नाग १९९० मध्ये मोटार अपघातात गेले, नारायण २००१ मध्ये. मालिकेतले रेल्वे स्टेशन म्हणजे शिवमोगा-तालगुप्पा मार्गावरचे अरसाळू. तिथल्या जुन्या इमारतीत आता मालगुडी संग्रहालय आहे. नारायणांनी पहिल्या वाक्यात उभी केलेली गाडी हल्ली तिथे थांबते.