तासगावचा रथोत्सव आणि सार्वजनिक मिरवणुकीची पूर्वपरंपरा

महाराष्ट्रातील गणपतीच्या मिरवणुकीचा इतिहास सामान्यतः इ. स. 1893 पासून सांगण्याचा प्रघात आहे. लोकमान्य टिळकांनी उत्सवास सार्वजनिक रूप दिले आणि मेळ्यांची पदे रस्त्यावर आली, असे सामान्यतः मानले जाते. तथापि देवास देवळाबाहेर आणून सर्व गावाने मिरविण्याची रीत त्याहून शतकभर जुनी आहे. सांगली जिल्ह्यातील तासगावचा रथोत्सव हे तिचे ठळक उदाहरण होय.

तासगावचे गणपतिमंदिर परशुरामभाऊ पटवर्धन यांनी बांधविले. 1779 साली आरंभिलेले हे काम 1799 साली पुरे झाले. हैदर व टिपू यांच्याविरुद्धच्या मोहिमांमुळे पटवर्धनांचा कर्नाटकाशी निकट संबंध आला होता. मंदिराचे सातमजली गोपूर त्या संबंधाची खूण आहे. दक्षिणेत जेथे गोपूर, तेथे बहुधा रथही असतो. तासगावने ही दोन्ही अंगे स्वीकारली. ऋषिपंचमीस तीनमजली रथ दोरखंडांनी ओढून काशीविश्वेश्वराच्या देवळापर्यंत नेतात व परत आणतात. वाद्यांच्या गजरात गुलाल, खोबरे व पेढे यांची उधळण होते.

मराठी देवस्थानांत पालखीचा परिपाठ अधिक. पालखी मोजक्या खांद्यांवर चालते. रथास मात्र शेकडो हात लागतात. वाहन बदलले की उत्सवातील लोकांचे स्थानही बदलते.

जपानमधील क्योतो नगरीच्या गिओन उत्सवाशी येथे तुलना उद्बोधक ठरते. 869 साली रोगराईच्या निवारणार्थ झालेल्या विधीतून त्याचा उगम झाला. पुढे शृंगारलेले उंच रथ आणि त्यांवरील बासरी, ढोल व घंटा यांचे वादन ही नगरातील पेठांची जबाबदारी बनली. 1533 साली शासनाने देवस्थानचे विधी थांबविले, तेव्हा विधी नसले तरी रथ निघावेत, असा आग्रह नागरिकांनी धरला. उत्सव देवस्थानाइतकाच पेठांचाही झाला होता.

तासगावचे संस्थान 1848 साली खालसा झाले. रथाची परंपरा मात्र टिकली. आश्रयदात्याने रथ दिला, पण तो चालविला दोर ओढणाऱ्या लोकांनी. म्हणूनच 1893 हा सार्वजनिक मिरवणुकीचा आरंभ न मानता, जुन्या रीतीस मिळालेले राजकीय वळण मानणे अधिक सयुक्तिक होय.