माहूरगड : पावसात वाचलेला इतिहास

माहूर म्हटलं की रेणुकामाता, दत्तशिखर, अनसूयामाता. दर्शन झालं की बरेच जण थेट गाडीत बसतात. शेजारचा माहूरगड, म्हणजेच रामगड, राहून जातो. आजचा भाग त्याच गडाचा.

सुट्टी मिळाली की मी डोंगर फिरतो आणि निसर्गचित्रं काढतो. श्रावणात असाच एक अख्खा दिवस माहूरला चाललो. सकाळी लख्ख ऊन होतं. हत्ती दरवाज्यापाशी पोचेपर्यंत भुरभुर सुरू झाली, आणि दुपारी धुकं असं उतरलं की समोरची तटबंदीच दिसेना. दमट हवेत जलरंग वाळत नव्हते, म्हणून कोळशाने नुसत्या रेषा काढत बसलो. फोटोत आपण सगळं एका क्लिकमध्ये उचलतो. रेषा काढताना मात्र प्रत्येक चढ-उतार विचारून घ्यावा लागतो : तू इथे का?

पाऊस उघडला तेव्हा उत्तर दिसलं. खाली सागवानाचं जंगल, त्यापुढे पैनगंगेचा वळसा, आणि नदीपलीकडे विदर्भ. म्हणजे हा गड दोन मुलखांच्या उंबरठ्यावर बसलाय. बहमनी वजीर महमूद गावाननं 15व्या शतकात वऱ्हाड सुभ्याचे दोन भाग केले, तेव्हा एकाचं ठाणं गाविलगड झालं आणि दुसऱ्याचं माहूर. कागदावरची माझी रेष त्याच हद्दीवरून चालली होती.

आता 1623 सालात या. शहाजादा खुर्रम, म्हणजे पुढचा बादशहा शहाजहान, बाप जहांगीरविरुद्ध बंड करून पळत होता. ऐन पावसाळ्यात तापी ओलांडून तो माहूरला आला. हत्ती आणि जड सामान त्यानं इथेच उदारामाच्या ताब्यात ठेवलं आणि तो गोवळकोंड्याच्या मुलखाकडे निघाला. पुस्तकात ही एक ओळ असते. ओल्या दगडांवर घसरत, चिखलानं जड झालेले बूट ओढत गड चढलात की तिचं वजन कळतं. अशा दिवसांत ओझं घेऊन पळता येत नाही.

याच उदारामाच्या घराण्यातली रायबागन. ही पदवी मोगलांनी दिलेली. बाईचं नाव सावित्रीबाई. फेब्रुवारी 1661 मध्ये कारतलबखानाच्या फौजेबरोबर ती कोकणात उतरत होती. उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी फौज कोंडली. पुढे वाट बंद, मागे वाट बंद, प्यायला पाणी नाही. परमानंदाच्या 'शिवभारता'त तिनंच खानाला चूक दाखवून शरण जायला सांगितलं, असं येतं. खानानं ऐकलं, खंडणी भरली, आणि फौज जिवंत बाहेर पडली.

आता माझा अंदाज सांगतो, पुरावा म्हणून घेऊ नका. दऱ्या-जंगलांच्या मुलखातल्या या बाईला खिंड बघताच डाव कळला असावा. जमीन कधी आपल्या बाजूची नसते, हे ओळखायलाही नजर लागते. त्या नजरेमुळे शेकडो माणसं घरी परतली.

मराठवाड्यातल्या गडांचा इतिहास आपण बहुतेक वेळा दुसऱ्याच्या लढाईतली तळटीप म्हणून वाचतो. म्हणून सांगतो, माहूरला जाल तेव्हा दर्शनानंतर दोन तास गडाला द्या. सोबत साधी वही ठेवा. चित्र चांगलं आलं नाही तरी चालेल. नदी कुठून वळते, वाट कुठे अरुंद होते, एवढं काढा. आणि पावसाळ्यात जाणार असाल तर जलरंग घरीच ठेवा, कोळसा न्या.

भेटू पुढच्या भागात.