देजॉन : ८५८ टेराबाइटची राख

दक्षिण कोरियाच्या देजॉन शहरातल्या सरकारी डेटा केंद्राला आग लागली ती २६ सप्टेंबर २०२५ च्या रात्री. पण घात आधीच झालेला होता.

२०१८ : देशभरातल्या सरकारी कर्मचाऱ्यांना सूचना मिळाली, की कामाच्या फायली कार्यालयातल्या संगणकावर ठेवायच्या नाहीत, सरकारी क्लाउडवर, म्हणजे ‘जी-ड्राइव्ह’वर ठेवायच्या. माणशी ३० जीबी जागा. साठा अवाढव्य, त्यामुळे जी-ड्राइव्हची केंद्राबाहेर दुसरी प्रत मात्र नव्हती.

२६ सप्टेंबर, सायंकाळी ७ नंतर : पाचव्या मजल्यावर यूपीएसच्या लिथियम-आयन बॅटऱ्या तळघरात हलवण्याचं काम. बॅटऱ्या २०१४ साली बसवलेल्या. दहा वर्षांची मुदत उलटून गेलेली.

रात्री सव्वाआठच्या सुमारास : एक बॅटरी पेटली. तिथे ३८४ बॅटऱ्या होत्या.

रात्रभर : पाण्याचा मारा करावा तर सर्व्हर जाणार, म्हणून आधी वायूचा वापर. लिथियम त्याला दाद देईना. सातशेहून अधिक सरकारी प्रणाली बंद, त्यातल्या बहुतेक खबरदारी म्हणून. मोबाइल ओळखपत्र आणि टपाल खात्याची सेवा ठप्प, आणि चुसोकचा सण तोंडावर.

२७ सप्टेंबर, सकाळी साडेसहा : आग आटोक्यात.

सायंकाळी ६ : आग पूर्ण विझली. ९६ प्रणाली जळाल्या होत्या. जी-ड्राइव्ह त्यांतच होतं.

१ ऑक्टोबर : सरकारची कबुली. जी-ड्राइव्हवरचा ८५८ टेराबाइट डेटा परत मिळणार नाही.

सर्वाधिक फटका बसला तो सगळं काम जी-ड्राइव्हवरच ठेवणाऱ्या कार्मिक व्यवस्थापन मंत्रालयाला. ज्या कार्यालयांनी त्याचा फारसा वापर केला नव्हता, ती बचावली. मंजूर झालेले दस्तऐवज ‘ओन्नारा’ या वेगळ्या प्रणालीत सुखरूप होते. बाकीच्यासाठी ईमेल, छापील कागद आणि संगणकांवर उरलेल्या फायली धुंडाळाव्या लागल्या.

म्हणून सगळा कारभार पुन्हा प्रत्येकाच्या टेबलावर सोपवा, असं नाही. माणसं विसरतात, हार्ड डिस्क बिघडतात. केंद्रीय बॅकअप हवाच. पण कुठली फाइल गेली तर काम अडेल, हे ती रोज उघडणाऱ्यालाच ठाऊक असतं. देजॉनच्या प्रकरणात त्याला स्वतःची प्रत ठेवू दिली नव्हती. तुमच्या कार्यालयातही ‘सगळं सर्व्हरवर ठेवा’ असा फतवा असेल, तर दुसरी प्रत कोणत्या इमारतीत आहे, हे आजच लेखी विचारून घ्या.